गाडीतर्फे बोलणारा

"नमस्कार. मी या गाडीतर्फे बोलतोय."

गिऱ्हाइकाने गाडीत बसून टेपचं बटण दाबलं की हा आवाज यायचा. आवाजाचा मालक तोवर पाठ फिरवून बदामाच्या झाडाखाली उभा, जणू त्याचा नि त्या गाडीचा काही संबंधच नाही.

पेणला हायवेलगत जुन्या गाड्यांचं दुकान होतं, तिथे मी कागदपत्रं बघायचे. नव्वदीची मधली वर्षं. तो रोह्याच्या एका गॅरेजातून आला. नुसतं इंजिन ऐकून गाडीचं दुखणं सांगायचा, पण स्वतः बोलायला लागला की पहिल्याच अक्षराला अडायचा. शेठनी त्याला गाड्या तपासायला घेतलं होतं. हा म्हणे, मी विकणार. शेठ म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर परत पाना हातात."

"कशाला हा हट्ट?" मी विचारलं.

"ता-ताई, दहा वर्षं गाडीखाली झोपून काढली. तिथं कोण बो-बोलत नाय. मला बोलायचं काम पायजे."



पहिल्या तीन गिऱ्हाइकांनी त्याची वाक्यं स्वतःच पुरी केली, तीही चुकीची, आणि चालती झाली. एकाने जाताना त्याची नक्कल केली. त्या माणसाचा मला अजून राग येतो.

मग एका दुपारी हा डबा न खाता टेपरेकॉर्डर घेऊन, काचा वर करून गाडीत बसला. तासाभराने घामाने निथळत बाहेर आला, हातात कॅसेट. अडखळला की टेप मागे घ्यायचा, पुसायचा, पुन्हा बोलायचा. एवढ्या खटाटोपातून पाच मिनिटं सरळ निघाली होती. त्यात सगळं खरं होतं. "माझा पहिला गिअर सकाळी रुसतो. मागचं दार आपटून लावा. पत्रा डाव्या अंगाने सडलाय, खाली वाकून बघा."

"अरे, अशाने विकली जाईल का ती?" शेठ म्हणाले.

विकली गेली. तुम्ही जुनी गाडी घ्यायला गेला असाल, तर डोक्याशी उभा राहणारा विक्रेता तुम्हालाही नकोसा झाला असेल. इथे नवराबायको आत बसून निवांत ऐकायची, टेप थांबवून भांडायची, पुन्हा ऐकायची. आसपासच्या गडबची, जोह्याची माणसं मुद्दाम यायची. दिवाळीच्या आत त्याच्या पाच गाड्या गेल्या.

आणि मग मी घोळ घातला. आवारात दोन पांढऱ्या जीपा होत्या, प्रत्येकीत तिची तिची कॅसेट. सकाळी कॅसेटींवरची धूळ पुसायला त्या काढल्या आणि परत घालताना अदलाबदल झाली. दुपारी हमरापूरचं एक कुटुंब आलं, गणपती घडवणारं. त्यांनी टेप ऐकली, सपाटीवर एक फेरी मारली, व्यवहार उरकला. फाटकात बाई जीपला हळदकुंकू लावत होती, चाकाखाली लिंबू ठेवून झालं होतं. मागे बसलेल्या पोरांनी गंमत म्हणून टेप पुन्हा लावली.

"माझे ब्रेक नवे आहेत, निर्धास्त राहा."

हा चहा पिऊन येत होता. आपलाच आवाज ऐकून जागीच थिजला. नवे ब्रेक दुसऱ्या जीपचे. हिचे उतारावर तापले की सुटायचे. तो धावला आणि हात पसरून बॉनेटपुढे उभा राहिला.

"ब्र... ब्र... ब्र..."

नवऱ्याला वाटलं चेष्टा आहे. त्याने हॉर्न दिला. मी खिडकीत उभी होते. काय झालंय ते कळलं आणि मी फाटकाकडे धावले.

"थांबा वो," बाई नवऱ्याला म्हणाली. मग याच्याकडे वळली. "बोल भाऊ. आमाला घाई नाय."

तो बोलला. केवढा वेळ लागला, काय सांगू. पण एकानेही त्याचा शब्द तोडला नाही, पोरांनीसुद्धा नाही. सगळं सांगून झालं तेव्हा नवरा इंजिन बंद करून खाली उतरला होता.

"गाडीत बोलतो तो तूच ना? आवाज वळखला मी." त्याने दुसऱ्या जीपकडे बोट केलं. "आता तिचं सांग. टेप नको, तूच सांग."

ती जीप त्यांनी घेतली. अडखळणं काही सुटलं नाही, पण त्या दिवसापासून याने काचा वर करून बसणं सोडलं.

दोन वर्षांनी त्याने रोह्याला स्वतःचं दुकान काढलं. जायच्या दिवशी मी रजेवर होते. भेट राहिली याची चुटपुट घेऊन कामावर आले, तर टेबलावर एक कॅसेट. मी ती जेवणाच्या सुट्टीत लावली. या खेपेला त्याने काहीही पुसलं नव्हतं.

"न-नमस्कार, ताई," टेपमधून आवाज आला. मग बराच वेळ नुसती खरखर. मी बटणाला हात लावला नाही.

"मी मा... मा... माझ्यातर्फे बोलतोय."