सुमन आणि तिचा चिलर

भातकापणी सुरू व्हायच्या आधीच सुमन गेली. तिचा भाऊ बबन याचा किन्हवलीहून फोन आला, तेव्हा मी शहापूरच्या घरी डाळ निवडत बसले होते. "ताई, आमची सुमन सकाळीच गेली," एवढंच तो बोलला. मूत्रपिंडं निकामी झाली होती, कल्याणच्या दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या, हे होणार ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं... तरी फोन ठेवल्यावर डाळीचं ताट मांडीवर तसंच राहिलं. आज काही आठवडे उलटलेत, आणि ती दोघीतिघींना तरी माहीत व्हावी म्हणून हे लिहिते आहे.

आमची ओळख मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतली, नव्वदच्या दशकातली. औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कंपनीत मी लॅबमध्ये होते आणि ती चिलरवर. चिलर म्हणजे पाणी गार करणारं भलंमोठं यंत्र. त्यातलं पाणी पाइपांतून कारखानाभर फिरायचं आणि टाक्यांमधला माल तापू द्यायचं नाही. सुमनला खरं तर आयटीआयला शिवणकाम शिकायचं होतं. तिथे जागा उरली नव्हती, म्हणून रेफ्रिजरेशनला बसली. वर्गात एकटीच मुलगी. कंपनीत आली ती कायम पहिल्या पाळीला. कॉम्प्रेसरच्या आवाजात दिवसभर ओरडून बोलायची सवय झाली, ती एसटीतही सुटली नाही. ती सहज बोलायची आणि लोकांना वाटायचं, आमचं भांडण चाललंय. एकदा तिने माझा हात धरून दोन पाइपांवर ठेवला. "ही गरम पानी टॉवरकडं नेनारी लाइन, ही तिथून गार करून आननारी. दोघींतला फरक हाताला कळला पायजे गो. मग मशीन बोलायच्या आधीच आपल्याला समजतं." वर्षातून एकदा कंडेन्सर, म्हणजे यंत्राची उष्णता बाहेर टाकणारा नळ्यांचा भाग, उघडून एकेका नळीत ब्रश फिरवून क्षार काढायचे असत. त्या दिवशी ती कंपनीच्या निळ्या शर्टाच्या बाह्या दुमडून, कोपरापर्यंत चिखलाने माखून, केसांत पांढरा क्षार घेऊन जेवायला यायची, आणि तिच्याइतकं खूश सगळ्या कँटीनमध्ये कोणी नसायचं.

याच सुमाराला तिला सरळगावचं एक स्थळ आलं. मुलगा शिकलेला होता, स्वभावाने बरा. बोलणी झाली, सुपारी फुटली आणि मग त्याच्या आईने निरोप धाडला की मशीनवरची नोकरी सोडावी लागेल. सुमनने नकार कळवला. मी विचारलं, तेव्हा डब्याकडे बघत म्हणाली, "मन होतं गो माजं त्याच्यावर." एकदाच, तेही हळू आवाजात. डबा तिने तसाच झाकला. पुढे आम्ही कधी त्याचं नाव काढलं नाही, आणि तिने दुसरं स्थळ पाहिलं नाही.

नंतर काही वर्षांनी कंपनी बंद झाली. फाटकावर नोटीस लागली, माणसं शिव्या देत, रडत घरी गेली. सुमन आत राहिली. तिने आधी कॉम्प्रेसर थांबवला, पंप थोडा वेळ चालू ठेवले, मग तेही बंद करून यंत्रातलं सगळं पाणी काढून टाकलं, नळ्या गंजू नयेत म्हणून. त्यानंतर जवळजवळ दर महिन्याला ती किन्हवलीहून एसटी बदलत मुरबाडला जायची. म्हातारे वॉचमनकाका तिला आत सोडत. ती साबणाचा फेस करून जोडाजोडावर लावायची, बुडबुडा आला तर यंत्रातला थंडावा देणारा गॅस गळतोय असं समजून तो नट आवळायची. पंपाचे शाफ्ट जाम होऊ नयेत म्हणून हातानं फिरवायची. एकदा मीही सोबत गेले होते. काका म्हणाले, "कशाला येतेस गो पोरी? आता हे उघडत नाय."

"उघडलं तर पयल्या दिशी हेच लागंल ना, काका?" ती म्हणाली.

उघडलं ते भंगारवाल्यांसाठी. काकांनी निरोप दिला म्हणून ती धावत गेली, तर माणसं गॅसकटर घेऊन चिलरपाशी उभी. आत गॅस असताना कापलं तर विषारी धूर होतो, हे त्यांना माहीत नव्हतं. तिने ठेकेदाराला समजावलं, सिलिंडर मागवायला लावले, आणि इतकी वर्षं फेस लावून लावून राखलेला तो गॅस स्वतः व्हॉल्व्ह उघडून काढून दिला. दाबाचा काटा शून्यावर आल्यावर बाजूला झाली. "आता कापा," म्हणाली. हे सगळं तिने मला पुढे दवाखान्यातल्या खाटेवरून सांगितलं. "दुसऱ्या कोनी केलं असतं तर चाललं असतं गो मला... पन तिथं दुसरं कोनी नव्हतं."

तेराव्यानंतर मी किन्हवलीला गेले. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, सगळी शेतावर आहेत. बांधावरून चालत गेले, तर खालच्या खाचरात पाठमोरी कोणी भात कापत होती. लुगड्यावर कंपनीचा निळा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या... माझ्या तोंडून "सुमे" निघून गेलं.

तिची आई वळली. तिने विळा खाली ठेवला. मग शर्टाचं टोक हातात धरून म्हणाली, "चांगला हाय अजून. भाताच्या पात्यानं अंग कापत नाय." मी मान हलवली. ती पुन्हा वाकली, आणि मी तिच्यामागे पेंढ्या बांधत गेले.