नाव वाचता येईना, फाईल उघडली

माझ्या काकूनं काकांच्या फुप्फुसांतून एक कमळ आणि एक मोर कापला होता. घाबरू नका, सांगते. काही वर्षांपूर्वी काकांना न्यूमोनिया झाला, तेव्हा छातीचा सीटी स्कॅन काढला होता. त्याच्या मोठमोठ्या काळ्या फिल्म्स बरं झाल्यावर घरात नुसत्या पडून होत्या, आणि काकूच्या घरात कुठलीच वस्तू नुसती पडून राहत नाही. तिनं ब्लेड घेतलं आणि त्या फिल्म्सचे रांगोळीचे छाप केले. दिवाळीत जबलपूरची आमची अर्धी गल्ली ते छाप उसने न्यायची आणि काका दारात उभे राहून प्रत्येकीला बजावायचे, "हमारा सीना है भाभीजी, संभाल के."

मागच्या थंडीत काकांचा खोकला थांबेना, म्हणून नवा स्कॅन झाला. फुप्फुसात एक डाग दिसला. डॉक्टर मॅडम शांत बाई. त्यांनी विचारलं, "आधीचा स्कॅन आहे का? डाग तेव्हाही होता आणि एवढाच होता, तर आपण त्याला हात लावणार नाही. तेव्हा नसेल किंवा वाढला असेल, तर नागपूरला जाऊन छाती उघडावी लागेल. आणि यांचं हृदय आधीच कमजोर आहे, ते झेपेल की नाही ते मी आज सांगू शकत नाही." म्हणजे सगळं त्या जुन्या चित्रावर येऊन ठेपलं.

घरी आल्यावर काकूनं पलंगावर छाप मांडले. उरलेले तुकडे तर केव्हाच कचऱ्यात गेले होते. डाग मोराच्या पोटात गेला की कमळाच्या पाकळीत, देव जाणे. "माझ्याच हातानं कापला गं मी," ती म्हणाली.

"अगं, दुसऱ्या कुणी रद्दीत घातला असता," मी म्हटलं. "स्कॅन काय फक्त फिल्मवर असतो? तिथल्या कॉम्प्युटरवर पण असतो. मी पाहते ना." बोलले तर खरी, पण इतक्या वर्षांनी तो तिथे असेल की नाही, मला तरी कुठे ठाऊक होतं.

हे काका-काकू माझे सख्खे नाहीत. खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये आमची भिंतीला भिंत. बाबा फॅक्टरीत, आई दवाखान्यात नर्स, तिची ड्यूटी कधी सकाळी तर कधी रात्री. त्यामुळे मी लहानाची मोठी झाले ती अर्धी काकूच्या ओट्यापाशी. आणि कॉम्प्युटर? तो तर पूर्ण काकांमुळे. शाळा संपल्यावर शहरात राइट टाउनच्या कॉम्प्युटर क्लासला जायचं होतं, बाबांना वेळ नव्हता आणि मुलीनं एवढ्या दूर बसनं एकटीनं जायचं की नाही यावर घरात परिषद भरली होती. काका म्हणाले, "परिषद चालू द्या, मी स्कूटर काढतो." रोज न्यायचे, क्लास सुटेपर्यंत बाहेर कट्ट्यावर पेपर वाचत बसायचे आणि परत आणायचे. कुणीतरी टोमणा मारला की स्वतःचं पोर नाही म्हणून शेजारच्या पोरीचे लाड करून राहिले. काका म्हणाले, "तुमचं पोट्टं शिकत असेल तर त्यालाही बसवतो मागं, जागा आहे." आज मी घरी बसून बाहेरच्या कंपन्यांसाठी प्रोग्रॅम लिहिते, माझा खर्च माझा मी करते. ती स्कूटर नसती तर यातलं काहीएक झालं नसतं, आणि हे म्हणताना मला कुठलाही संकोच वाटत नाही.

तर मी त्या स्कॅन सेंटरमध्ये गेले. मधल्या काळात त्याचे मालक बदलले होते. टेक्निशियन भैयांनी स्क्रीनवर शोधलं, पुन्हा शोधलं आणि मान हलवली. "दीदी, नये सिस्टम में नाम नहीं आ रहा. मतलब नहीं है."

माझा पारा चढला. "नाम नहीं आ रहा तो आदमी ही नहीं आया था क्या? फिर फोटो किसका निकाला, भूत का?" माझा स्वभाव असाच आहे, आधी तोंड चालतं. ते बिचारे हसले. कपाटातून एक जुनी डिस्क काढून म्हणाले की जुन्या कॉम्प्युटरचं सगळं यात आहे, पण त्यातली निम्मी नावं कचरा झाली आहेत. नव्या सिस्टमनं ज्यांची नावं वाचता आली तेवढेच पेशंट उचलले, बाकीचे सोडून दिले. त्यांनी मला डिस्क उघडून दाखवली. खरंच, फोल्डरमागून फोल्डर, आणि नावांच्या जागी उलट्यासुलट्या खुणा. पूर्वीचे ऑपरेटर प्रत्येक पेशंटचं फोल्डर हिंदीत नाव टाइप करून बनवायचे, आणि ती टाइप करायची जुनी पद्धत आता कुणी वापरत नाही.

एकेक फोल्डर हातानं उघडायचं म्हटलं असतं तर काकांची पुढची दिवाळी आली असती. पण प्रत्येक फाईलच्या पोटात स्कॅनच्या मशीननं स्वतः पेशंटचं नाव इंग्रजीत लिहून ठेवलेलं असतं, ते शाबूत असणार. म्हणजे बाहेरच्या नावाशी मला काही देणंघेणंच नव्हतं. सगळ्या फाईली उघडत जाणारा आणि आत काकांचं आडनाव सापडलं की थांबणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा. सेंटरच्या नव्या मालकांनी परवानगी दिली, अटी दोनच: डिस्क बाहेर जाणार नाही, आणि प्रोग्रॅमनं फक्त नाव तपासायचं, दुसऱ्या पेशंटचं काही स्क्रीनवर आणायचं नाही. योग्यच होतं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप घेऊन तिथेच भैयांच्या शेजारी बसले.

मी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिते तिचं नाव रस्ट. काकांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते फॅक्टरीतून नुकतेच रिटायर झाले होते. "रस्ट म्हणजे गंज ना? आम्ही जिंदगीभर गंज घासून काढला, आणि तू पैसे देऊन गंज शिकून राहिली?" ही भाषा थेट मशीनशी बोलते, म्हणून वेगवान आहे, पण स्वभावानं अगदी माझ्या काकूसारखी. काकू कुठे निघायच्या आधी विचारते, "आणि बस नाही मिळाली तर? आणि ते घरी नसले तर?" ही भाषाही तशीच. तुम्ही म्हणता, फाईल उघडायला आधी फोल्डरचं नाव घे. ती म्हणते, घेते, पण ते वाचता येण्यासारखं नसलं तर काय करू, ते आधी सांग. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही.

मी घाईत होते. मी तिला सांगितलं, असतं गं वाचता येण्यासारखं, तू चल. असं सांगायची सोय आहे, त्याची जबाबदारी आपली. प्रोग्रॅम सुरू झाला आणि पहिल्या वाकड्या नावापाशी धाडकन कोसळला. हात दाखवून अवलक्षण! भैया म्हणाले, "चाय मंगाऊँ?"

चहा पिऊन दुसरा उपाय केला. जे अक्षर कळत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन टाक आणि पुढे जा. आता प्रोग्रॅम कोसळला नाही, शहाण्यासारखा चालला. पण वाकड्या नावाच्या प्रत्येक फोल्डरपाशी एकच उत्तर: असं काही अस्तित्वात नाही. पुन्हा नाही. पुन्हा नाही. स्क्रीन भरून नाही, नाही. भैया हळू आवाजात म्हणाले, "देखा दीदी? डिस्क ही मर गई है."

मला खरं वाटलं ते. काकूला काय सांगू? फोन हातात घेतला, तिचा नंबर समोर आला आणि माझं बोट त्यावर जाईना. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि मला राग आला की डोकं चालतं, देवाची कृपा. मी विचार केला, थांब. ही नावं मला सांगितली कुणी? याच डिस्कनं, आत्ता. आणि तीच आता म्हणते की असं कुणी नाही? मग मधे कुणीतरी घोळ घातला. आणि मधे तर मीच बसले आहे!

बाई, चौकोन मीच टाकले होते ना. मशीनसाठी फाईलचं किंवा फोल्डरचं नाव म्हणजे आकड्यांची एक रांग, बस. आपण तिला अक्षरं समजून वाचतो, ती आपली हौस. न कळणाऱ्या आकड्यांच्या जागी मी माझे चौकोन घुसडले आणि त्याच नावानं हाका मारत सुटले. ओ कोण देणार? त्या नावाचं तिथं खरंच कुणी नव्हतं.

रस्टमध्ये यासाठी वेगळी सोय आहे, आणि ती पहिल्यापासून माझ्यासमोर होती. वाचता येणारा मजकूर ठेवायचा प्रकार वेगळा, आणि मशीननं दिलेलं नाव, कसंही असो, जसंच्या तसं ठेवायचा प्रकार वेगळा. ही भाषा ते दोन्ही एकमेकांत मिसळूच देत नाही. डिस्ककडून नाव येतं ते या दुसऱ्या प्रकारातच येतं. ते तसंच हातात धरायचं, समजून घ्यायचा हट्ट करायचा नाही, दुरुस्त तर अजिबात करायचं नाही, आणि फाईल उघडताना तेच्या तेच परत द्यायचं. स्क्रीनवर दाखवायलाच हवं असेल तर चौकोनवाली प्रत वेगळी काढा, डोळ्यांपुरती. मी शहाणपणा करून मधे केलेलं रूपांतर खोडून टाकलं. कंपायलर, म्हणजे लिहिलेलं तपासून पाहणारा तो काकूचा अवतार, या वेळी एकही प्रश्न विचारेना. मी प्रोग्रॅम पुन्हा चालवला.

फाईली उघडायला लागल्या. ज्यांना नाही म्हटलं होतं त्या सगळ्या. भैया खुर्ची ओढून जवळ आले. बराच वेळ काही सापडलं नाही, आणि मग प्रोग्रॅम थांबला. काकांचं आडनाव, काकांचं नाव, काकांचं तेव्हाचं वय. ज्या फोल्डरमध्ये ते सापडलं त्याचं नाव मला आजही वाचता येत नाही. "अरे वाह दीदी!" भैया ओरडले, आणि मी चारचौघांत हमसून हमसून रडले. लाज वाटली नाही.

ही भाषा ज्यांनी घडवली त्यातल्या कुणालाही मी पाहिलेलं नाही. जगाच्या कुठल्या कोपऱ्यात बसून त्यांनी ठरवलं असेल की जे नाव आपल्याला कळत नाही ते फेकायचं नाही, बदलायचं नाही, ते ज्याचं आहे त्याला सुखरूप पोचवायचं. त्यांच्या डोळ्यांसमोर जबलपूरचा एक खोकणारा म्हातारा नक्कीच नव्हता. तरी त्यांनी त्याची काळजी घेऊन ठेवली होती. त्यांच्या भाषेला नखरेल, खडूस काय काय म्हटलं मी आजवर! मनापासून सांगते, त्यांचं भलं होवो, त्यांच्या पोराबाळांचं भलं होवो.

भैयांनी स्कॅन सीडीवर उतरवून दिला आणि मी काकांना घेऊन मॅडमकडे गेले. काकू आली नाही. "मी नाही येत बाप्पा. मला तिथं बसवत नाही," म्हणाली. मॅडमनी जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावलं, माऊसनं काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं. काका छताकडे पाहून राहिले होते. मी त्यांचा हात धरला. या माणसाला मी आयुष्यात कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"तेव्हाही होता," मॅडम म्हणाल्या. "इथेच. आणि एवढाच. न्यूमोनियाच्या गडबडीत कुणाचं लक्ष गेलं नसेल. ऑपरेशन नको. खोकल्याचं औषध देते, आणि वर्षानं पुन्हा एक स्कॅन करू."

काकांना कळायला वेळ लागला. "म्हणजे इतकी वर्षं मी याच्यासकट जेवून राहिलो, झोपून राहिलो, बायकोशी भांडून राहिलो?"

"हो," मॅडम हसल्या. "तसंच करत राहा."

बाहेर आल्यावर मी काकूला फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला, जणू हातातच धरून बसली होती. "काकू," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. ते आनंदाचं होतं, पण पलीकडे तिला ते कसं कळणार?

काकांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "ही पोट्टी वेडी आहे, तिचं ऐकू नको. मी बोलून राहिलो. अगं, जुना डाग आहे, तेवढाच आहे. काही कापत नाहीत. नागपूर नाही, काही नाही."

तेव्हा ती रडली. फोन काकांच्या कानाला होता तरी मला स्पष्ट ऐकू येत होतं. आजूबाजूची माणसं वळून पाहायला लागली. एरवी काकांना असा तमाशा अजिबात खपत नाही, एका वाक्यात तिला गप्प करतात. या वेळी ते दवाखान्याच्या पायरीवर बसले, फोन नीट कानाला लावला आणि म्हणाले, "रड, आरामात रड. आता घाई काही नाही."