इस्त्रीवालीचा पहिला वाचक

लॉन्ड्रीच्या काउंटरमागे उभं राहून तिनं निम्मं आयुष्य काढलं. कपडे घ्यायचे, डाग बघून नाक न मुरडता पावती फाडायची आणि खिसे चाचपायचे. खिशांतून काय काय निघायचं म्हणता! लेकराचा पडलेला दात, मोडलेला चष्मा, एका वकीलसाहेबांच्या काळ्या कोटातून तर अर्धवट चावलेलं बिस्किट. या खिशांवर ती ‘इस्त्रीवाली’ नावानं ब्लॉग लिहायची आणि लोक पोट धरधरून हसायचे. मग तिचा नवरा कारखान्यात लेथ मशीनसमोरच कोसळला आणि ब्लॉग बंद पडला.

त्याची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, यांना कितपत कळतं ते सांगता येणार नाही. आता अशा वाक्याचा अर्थ ज्यानं त्यानं आपल्या सोयीचा लावायचा असतो. तिनं लावला, काहीच कळत नाही. तिला नावं ठेवायला जाऊ नका. दिवसभर उभं राहून घरी यायचं आणि परवापर्यंत धडधाकट असलेल्या नवऱ्याचं सगळं अंथरुणात करायचं, ते त्याला कळतंय असं धरून करून बघा, म्हणजे समजेल.

“अगं, लिही परत,” ताई फोनवर म्हणाली. तिची थोरली बहीण ती, रोज संध्याकाळी फोन करायची. “नाहीतर वेड लागेल तुला त्या खोलीत.”

म्हणून तिनं ब्लॉग पुन्हा उघडला. पण खिशांवर काही सुचेना. मग तिनं घरातलंच लिहिलं, आणि ते कसं, तर एकदम शूर! आम्ही हरणार नाही, आम्ही हसत लढतोय वगैरे. वाचक पागल झाले. ‘तुमच्या हिमतीला सलाम’ काय, फुलं काय, जोडलेले हात काय! वाचताना तिला बरं वाटायचं आणि लॅपटॉप मिटला की स्वतःची शिसारी यायची. कारण इस्त्रीवालीनं पूर्वी असली भंकस कधी लिहिली नव्हती. तिला कुणी लिहूच दिली नव्हती.

तिच्या घरची रीतच तशी होती. लेख नवऱ्याला वाचून दाखवल्याशिवाय बाहेर जायचा नाही. तो डोळे मिटून ऐकायचा आणि कुठे खोटं वाटलं की बोटाच्या पेरानं टेबलावर वाजवायचा, टक टक. “हे तुझं नाही. काढ.” ती चिडायची, फुगून बसायची, “तुम्हाला लोखंडातलं कळतं, लिहिण्यातलं नाही” म्हणायची, आणि ती ओळ काढायची.

एका रविवारी दुपारी नवा लेख झाला आणि पलंगाशेजारी बसल्या बसल्या ती जुन्या सवयीनं मोठ्यानं वाचायला लागली. “हे रोज थोडे थोडे सुधारताहेत.”

टक टक.

पलंगाच्या लोखंडी दांड्यावर, डाव्या हातानं. योगायोग असेल, तिला वाटलं. तिनं पुढचं वाचलं, “आज दुकान बंद आहे.” हात गप्प. “मी दमत नाही.” टक टक.

“अगंबाई! अहो, कळतंय तुम्हाला!” ती रडत हसत सुटली, त्याच्या कपाळावरून, गालावरून हात फिरवत राहिली. आणि मग तिचा हात तिथेच थबकला. फोन! रोज संध्याकाळी याच खुर्चीत बसून, याच्या उशाशी, ती ताईला काय काय सांगत आली होती. वासानं मळमळतं गं. जेवण जात नाही. सुटले असते तर बरं झालं असतं, तेही आणि मीही. एक शब्दही हळू आवाजात बोलली नव्हती.

त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत राग असता तर ती भांडली तरी असती, भांडणाची सवय होती दोघांना. राग नव्हता. ती मेल्याहून मेली.

बऱ्याच वेळानं तिनं लॅपटॉप पुढे ओढला. सगळा लेख पुसला आणि एक ओळ लिहिली. आता ही वाचून दाखवायची कुणाला? रीत म्हणून तिनं त्यालाच वाचून दाखवली.

“मी माझ्या नवऱ्याच्या मरणाची वाट बघते आहे.”

हात दांड्यावर होता. हलला नाही.

तिला ती शांतता सोसेना. “पण ते आधीचं हो,” ती घाईघाईनं बोलली, त्याचा हात धरून. “तुम्हाला कळतंय म्हटल्यावर आता नाही वाटत तसं. शपथ सांगते, आता अजिबात नाही वाटत.”

त्यानं तिच्या मुठीतून हात सोडवून घेतला, डोळे मिटले आणि दांड्यावर वाजवलं. टक टक. अगदी हळू, तिला फार लागू नये इतपत.