सुंदराला आणायला विजेची मोटर

विजेच्या मोटारीने लांब जायचा कुणाचा बेत असेल तर आधी हे वाचा. मी गिरणीच्या वीजघरात काम करतो, वीज म्हणजे माझी रोजची भाकरी, आणि तरी माझी जी शोभा झाली ती लिहिताना अजून कान तापताहेत.

निमित्त माझ्या धाकट्या बहिणीचं, सुंदराचं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. सातवा महिना सरत आलेला, आणि आठव्यात आमच्याकडे लेकीबाळींना हलवत नाहीत. आता राहिली तर थेट नवव्यात, आणि तेव्हा करकंब ते सोलापूर एवढा रस्ता तिला कसा झेपणार? सर्व्हिस मोटारीत पेट्रोलच्या वासानं तिला उमळून यायचं. आईला मी छातीठोक सांगितलं, "धक्का नाही, धूर नाही, वास नाही. अलगद आणतो." गिरणीच्या जुन्या गोऱ्या साहेबांनी विलायतेला जाताना मागे ठेवलेली विजेची मोटर वीजघरातच पडून होती. मॅनेजरांनी चार दिवसांसाठी दिली.

तयारी अशी करा. रात्रभर डायनामोवर लावून ठेवा. बॅटऱ्यांत घालायचं शुद्ध पाणी नवी पेठेत औषधाच्या दुकानी मिळतं. विहिरीचं घातलंत तर बॅटरी मेलीच समजा. पोटभर वीज घेतलेली मोटर सपाटीला पन्नासेक मैल जाते, चढाला आणि मऊ मातीत कमी. करकंबला वीज नाही, म्हणजे वाटेत मोहोळला मुक्काम आलाच. तिथं सरकी काढायच्या कारखान्यात डायनामो आहे. इंजिनवाल्यानं तेलापुरते पैसे घेतले आणि रात्रभर मोटर लावू दिली. पण हे थंडीत, कापसाच्या हंगामात. उन्हाळ्यात गेलात तर दाराला कुलूप. खाणावळीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फर्मास मिळाली.

दुसऱ्या दिवशी शेटफळवरून करकंब. मोटर आवाज न करता येते म्हणून रस्त्यातली कुत्रीसुद्धा उठत नव्हती. मोहोळला भरलेली वीज करकंबला जाऊन परत मोहोळला यायला पुरत होती, वर चार-पाच मैल शिल्लक. हा हिशेब मला तोंडपाठ होता. तिथं काय होणार, ते त्यात नव्हतं.

सुंदराच्या सासूबाईंना मी आत्या म्हणतो. त्यांनी मोटारीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि म्हणाल्या, "पाव्हणं, आमच्या थोरल्या मामंजींना एक फेरी मारून आना की."

बहिणीच्या सासरी गेलेल्या भावानं नाही म्हणायचं नसतं. त्याचं 'नाही' पुढं बहिणीला ऐकावं लागतं. मामंजी फिरले. मग चुलत सासरे, मग पाटील, मग पाटलांचे व्याही. कुणी म्हणे, "दिवं लावा की!" मी दिवसाढवळ्या दिवे लावले. कुणी म्हणे, "भोंगा वाजवा!" भोंगाही वाजवला. खोटं कशाला बोलू, मलाही ऐट चढली होती. वीज किती उरली ते दाखवणारा काटा खाली येत होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

सकाळी सुंदराची ओटी भरून निघालो. वेस ओलांडली, पहिल्या उसाच्या फडाशी मोटर हळू झाली आणि उभी राहिली.

"काय झालं, दादा?"

"वीज संपली."

पोचवायला आलेली सगळी माणसं मागंच होती. काल फिरलेले मामंजीही. मी खाली मान घालून म्हणालो, "आत्या, आजचा दिवस घरी राहू दे तिला."

"आता माघारी न्हाय घ्यायची. वटी भरून निगालेली पोर उंबरा वलांडत न्हाय," आत्या म्हणाल्या. "आन परवापास्नं आठवा लागतुय."

दाजींनी, म्हणजे सुंदराच्या नवऱ्यानं, बैल आणले. छकडा जुंपायला निघाले तर आत्यांनी अडवलं. "छकड्यात हाडं खिळखिळी हुतील तिची. हितंच बसू दे. मोटारीलाच बांदा बैलं."

असा मी मोटारीचं चाक धरून, बैलांच्या शेपट्या बघत, साऱ्या मुलखातून निघालो. शेटफळला बाजारचा दिवस. एकानं वाकून विचारलं, "पेट्रोल न्हाय लागत म्हनं हिला? मग कडबा किती खाती?" अख्खा बाजार हसला. दाजी कासरा धरून बैलांपुढं चालत होते.

सुंदरा मात्र मऊ गादीवर टेकली होती. तिच्या बांगड्यांवर वाळलेलं पीठ दिसलं. "हे काय गं?"

"कालपासनं भाकऱ्याच थापतेय की," ती सहज म्हणाली. "तुझ्या मोटारीत बसायला आलेलं कोन उपाशी जानार व्हय? पहाटेबी हुती मानसं." आणि बोलता बोलता तिचा डोळा लागला.

बाजारात मी लाजलो ते काहीच नव्हतं. मी गावाला फेऱ्या मारत होतो तेव्हा ही पोटुशी पोर चुलीपाशी होती, आणि मी एकदाही आत डोकावलो नव्हतो. मोटारीचा काटा तरी अधूनमधून बघत होतो.

दिवेलागणीला मोहोळ आलं. दाजी बैल घेऊन मागं फिरले. रात्रभर मोटर पुन्हा डायनामोवर, आणि दुसऱ्या दुपारी सोलापूर.

मोटर मी धुऊनपुसून परत दिली. वीजघरातली मंडळी विचारतात, पुन्हा नेणार का? नेईन. मोटारीत खोट नव्हती.

पण घरी पोचलो तो क्षण मनातून जात नाही. आई दारातच म्हणाली, "धक्का बसला न्हाय ना पोरी?"

"एकबी न्हाय. दादाच्या मोटारीत झोपून आले."

आईनं कौतुकानं माझ्याकडं पाहिलं. मग तेलाची वाटी घेऊन तिच्या पायांशी बसली आणि थबकली. "मग पाय का गं एवढं सुजलं?"

सुंदरानं माझ्याकडं बघायचं टाळलं.

"बसून बसून, आई," ती म्हणाली.