शेजारच्या देशातली मतमोजणी

माझ्या खाणावळीत ढाक्याची नसरीन आणि काठमांडूची सरिता रोज एकाच टेबलावर जेवतात. परवा दुपारी टीव्हीवर नसरीनच्या देशातले निकाल चालू होते. तिने भाताला हातही लावला नव्हता.

"कोण आलं गं निवडून?" मी विचारलं.

"कोणीही येऊ दे, काकू. भाऊ काल मतदानाला गेला, तेव्हापासून फोन उचलत नाहीये."

पडद्यावर नवे नेते हात हलवत होते. देश कुठलाही असो, अशा दिवशी किती घरांत जेवण अडून राहत असेल, या विचाराने मला स्वयंपाकघरात थांबवेना.

तासाभराने भावाचा फोन आला. नसरीन रडता रडता हसली. मी हुश्श करून बसले, तेवढ्यात सरिता हळूच म्हणाली, "काकू, पुढच्या महिन्यात आमच्याकडे मतदान आहे."