स्टिरिओवरच्या नेलपॉलिशच्या खुणा

आष्टीत पप्पांचं गाड्यांना स्टिरिओ बसवायचं दुकान आहे. शिक्षण संपवून घरी आल्यापासून मी आतल्या टेबलावर बसते. गिऱ्हाइकांशी पप्पा बोलतात. मला ते बरं वाटतं.

त्या दिवशी एक जीपवाला आला. चाळिशीचा, गावोगाव सवाऱ्या नेणारी वडापची जीप चालवणारा. दोन महिन्यांपूर्वी बसवलेला स्क्रीनचा सेट त्याने काढून आणला होता. सुरू केला की कंपनीचं चित्र यायचं आणि तिथेच थांबायचं.

"तुमीच कायतरी हलकं घातलंय," तो पप्पांना म्हणाला. "आमची चूक न्हाई म्हना, मंग मी स्टँडवर सांगतो."

आमचं निम्मं काम स्टँडवरच्या जीपांचं. पप्पा म्हणाले, "पेनड्राईव्ह लावला असशील. त्यानंच गेलाय."

"लावला. गान्यासाठीच असतो ना त्यो?"

सेट माझ्याकडे आला. जीपवाला स्टूल ओढून माझ्यासमोर बसला आणि हलेना. मी झाकण उघडलं. आतल्या सर्किटच्या पट्टीवर जागोजागी लाल ठिपके होते.

"मालकिनीचं नेलपॉलिश हाय, घरूनच लावून आनलंय," तो म्हणाला. "पार्ट बदलला तर कळतंय. सोळा खुना हायत, ताई."

मी सोल्डरची गन हातात घेतली. कान मात्र तापले.

अशा सेटच्या पट्टीवर एका कोपऱ्यात चार बारीक गोल असतात. तीन गोलांना तीन वायरी वितळत्या कथलाने सोल्डर करून कन्व्हर्टरने लॅपटॉपला जोडल्या, की सेट सुरू होताना स्वतःशी जे लिहीत जातो ते वाचता येतं आणि त्याला उलट लिहूनही सांगता येतं. पहिल्या दोन वायरी बसल्या. लॅपटॉपवर इंग्रजी ओळी भराभर धावू लागल्या. जीपवाला पुढे वाकला.

"ही वायर माझ्या मोबाईलातलं वढून घेती का?"

"नाही."

"मंग मोबाईल बंद करतो," असं म्हणून त्याने तो खरंच बंद केला.

तिसरी वायर, माझं लिहिलेलं सेटपर्यंत नेणारी, काही केल्या धरेना. त्या गोलावर नेलपॉलिशचा थर होता.

"एक खूण खरवडावी लागेल," मी म्हणाले.

"कावून? तीच कावून?"

मी वायर धरून दाखवली, सोल्डर कसं घरंगळतं तेही. तो बराच वेळ गोलाकडे बघत होता. मग म्हणाला, "तुमी न्हाई. मी करतो." मी ब्लेड दिलं. त्याने श्वास रोखून खरवडलं. इतक्या हलक्या हाताने मलाही जमलं नसतं.

वायर बसली. सुरू होता होता सेट थांबवून मी त्यातली जुनी नोंद उघडली. पेनड्राईव्हवरून नवा प्रोग्रॅम घेताना करंट मध्येच तुटला होता. एवढंच असतं तर पप्पांचंही थोडं खरं ठरलं असतं. पण त्याआधीही तेच होतं, अगदी पहिल्या ओळींपासून. चावी काढली की सेट नीट बंद झाल्याचं लिहितो. इथे दर दहा-वीस ओळींनी तो न लिहिताच मेला होता. म्हणजे बॅटरीतून कायम करंट देणारी पिवळी वायर सुटत होती. ती पप्पांनी जोडली होती.

सेटमध्ये प्रोग्रॅमची एक जुनी प्रत शाबूत होती. तिच्यावरून सुरू हो, असं मी लिहिलं. स्क्रीन उजळली.

"काय लिवलंय त्येच्यात?" जीपवाल्याने विचारलं. पप्पाही दारात येऊन उभे होते. दोघांनाही त्या ओळी वाचता येत नव्हत्या. मी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, ते नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ. त्यांना आधीच माहीत होतं की काय, असं मला वाटलं.

"पिवळी वायर बघावी लागेल," मी म्हणाले. "करंट तुटतोय. बसवल्यापासून."

पप्पा दुकानासमोरच्या जीपकडे गेले. आम्ही दोघं मागे. त्यांनी हात आत घालून जोड बाहेर काढला. वायरी नुसत्या पिळलेल्या होत्या, वर टेप, तीही सुटलेली.

"गाडी लई आदळता तुमी जीपवाले," पप्पा म्हणाले.

"रोड आदळतो, शेठ. मी बसतो नुसता."

पप्पांनी जोड सोल्डर केला, सेट बसवला, पैसे मागितले नाहीत. निघालेली टेप त्यांनी खाली टाकली नाही, खिशात घातली. जीपवाल्याने ते बघितलं. मीही बघितलं.

घरी जेवताना पप्पा मला 'मीठ दे' एवढंच म्हणाले.

दोन दिवस स्टँडवरची एकही जीप आली नाही. तिसऱ्या दिवशी एक आली. ड्रायव्हर पप्पांच्या मागे हाताची घडी घालून उभा राहिला.

"जोड सोल्डरचाच करायचा, शेठ. टेपचा न्हाई. अन् ताईला दाखवूनच डॅशबोर्ड बंद करायचा."

पप्पांनी मान वर केली नाही. डॅशबोर्डखालून पिवळी वायर बाहेर ओढून धरली आणि मी यायची वाट बघत तसेच वाकून राहिले.