पिच्चरात नसलेला दिवस

सोनपेठहून परभणीला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. अंगात कबड्डीची जर्सी, गुडघ्याला पट्टा, हातात एका कबड्डीपटू बाईचं आत्मचरित्र.

पलीकडचे काका म्हणाले, "याच्यावर पिच्चर निघालाय की! कशाला डोळे फोडायलीस?"

"बघितलाय, काका. पिच्चरात ती फायनल जिंकती. पुस्तकात हरती."

"मग पिच्चरच बरा."

"न्हाई. हरल्यावर दुसऱ्या दिवशी ती सरावाला जाती, ते पिच्चरवाल्यांनी दाखवलंच न्हाई." तिनं पट्टा घट्ट ओढला. "आमी काल हरलो. घरचे म्हणायलेत, खेळ बास, आता लग्न कर. मी सरावाला निघाले."

मैदानाजवळ ती लंगडतच उतरली. तो सिनेमा पाहताना मी टाळ्या वाजवल्या होत्या. इथं मात्र मी जागेवरून उठले आणि खिडकीतून ती दिसेनाशी होईपर्यंत नुसती उभी राहिले.